घरभेदी की जागल्या?



आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘आत्ता नको. बाहेर बोललास तर शत्रूच्या हाती कोलीत जाईल.’ पोरगं गप्प बसतं. बोललंच तर घरभेदी ठरतं. चळवळीतल्या माणसानं चळवळीचं वाईट उघड्यावर बोलावं का? युगोस्लाव्हियातल्या एका कम्युनिस्टानं हा प्रश्न अंगावर घेतला. त्याचा हिशेब मांडतो.

मिलोव्हान जिलास. जन्म 1911, मॉन्टेनिग्रोतलं पोडबिश्चे गाव. शिकायला बेलग्रेडला आला आणि कम्युनिस्ट झाला. राजाच्या राजवटीत 1933 ते 1936 स्रेम्स्का मित्रोव्हित्साच्या तुरुंगात होता. मग हिटलरच्या फौजांशी डोंगरांत लढला. क्रांती जिंकली. टिटो, कार्देल, रांकोविच आणि जिलास हे चौघे देशाचे धनी झाले. डिसेंबर 1953 मध्ये तो संसदेचा अध्यक्ष झाला. माणसाला आणखी काय पाहिजे?

पण ह्याच वेळी तो पक्षाच्याच ‘बोर्बा’ ह्या दैनिकात लिहीत होता. सांगत होता, की क्रांती कुणा एका पक्षाची इस्टेट नाही. नोकरशाही लोकांच्या बोकांडी बसली आहे. जानेवारी 1954 मध्ये एका मासिकात त्यानं आणखी एक लेख लिहिला. एका सेनानीनं तरुण नटीशी लग्न केलं. तर मोठमोठ्या कॉम्रेडांच्या बायकांनी त्या पोरीला वाळीत टाकलं. का? ती लढ्यात नव्हती, ती ‘आपल्यातली’ नव्हती. बघा दोस्तांनो! वर्ग मोडायला निघालेल्यांनी दहा वर्षांत आपली पंगत वेगळी मांडली. जात म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खुर्ची गेली की साहेबी जाते, जात जात नाही. दोन्ही एक नव्हेत. पण पंगतीतून उठवण्याची रीत मात्र ओळखीची वाटते.

त्याच महिन्यात मध्यवर्ती समितीनं त्याला काढलं. सभेत तो डगमगला, अर्धीमुर्धी माफीही मागून बसला. बाजूनं बोलायला उभे राहिले व्लादिमिर देदियेर आणि त्याची पूर्वीची बायको मित्रा मित्रोविच. बाकी सगळे माना खाली घालून. काही महिन्यांत त्यानं स्वतःच पक्ष सोडला. नोव्हेंबर 1956 मध्ये हंगेरीच्या उठावाची बाजू घेतली म्हणून अटक झाली. 1957 साली ‘नवा वर्ग’ हे पुस्तक अमेरिकेत छापलं गेलं आणि शिक्षा वाढली. पुस्तकाचं म्हणणं साधं आहे: कारखाना सरकारचा झाला म्हणून कामगाराचा होत नाही. तो कुणी चालवायचा आणि त्यातलं कुणाला किती द्यायचं हे ज्याच्या हाती, तोच खरा मालक. 1961 ला सुटला, 1962 ला स्टालिनवरच्या पुस्तकापायी परत आत, ते थेट 1966 अखेरपर्यंत. तुरुंग तोच, स्रेम्स्का मित्रोव्हित्साचा. आधी राजानं टाकलं, मग कॉम्रेडांनी.

आता त्याची दुसरी बाजू. जिलास धुतल्या तांदळासारखा नव्हता. प्रचारखातं त्याच्याच हाती होतं. मॉन्टेनिग्रोत ‘वर्गशत्रू’ म्हणून माणसं मारली गेली, तेव्हा तो तिथल्या नेत्यांत होता. 1949 पासून गोली ओतोक ह्या उजाड बेटावर स्टालिनवाद्यांना खटल्याशिवाय डांबलं, तेव्हाही तो सत्तेत होता. मग त्याला बोलायचा हक्क होता का?

मला वाटतं, होता. पण हा हक्क फुकट मिळत नाही. त्यानं आधी आपल्याच पत्रात, आपल्याच लोकांना सांगितलं. बोलला तेव्हा हातात काही मागण्यासाठी नव्हता, असलेलं घालवण्यासाठी बोलला. आणि ज्या वर्गावर बोट ठेवलं, त्यात तो स्वतःही होता. जो तिकीट नाकारल्यावर बोलतो आणि तिकीट मिळाल्यावर गप्प होतो, त्याला जिलासचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

कोलीत शत्रूच्या हाती गेलं का? गेलं. अमेरिकेनं ते पुस्तक मिरवलं. पण जिलासला गप्प करून युगोस्लाव्हिया वाचला का? त्याच पक्षात वाढलेला स्लोबोदान मिलोशेविच 1986 साली सर्बियाच्या पक्षाचा प्रमुख झाला. लाल झेंडा खाली ठेवून त्यानं राष्ट्राचा झेंडा उचलला, खुर्ची तीच ठेवली. 1991 पासून देश रक्तात फुटला. म्हातारा जिलास त्या युद्धखोरीविरुद्धही बोलत राहिला. 1995 मध्ये बेलग्रेडला वारला.

ज्या नोव्हेंबर 1956 मध्ये जिलास आत गेला, त्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स ह्यांच्यावर बोलले. दुःख नाहीसं करायचं, पण हुकूमशाहीच्या वाटेनं नाही, हे त्यांनी बजावलं. त्याआधी मार्चमध्ये आग्र्याला शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत त्यांनी भर सभेत बोलून दाखवली. बाबासाहेबांना शत्रूच्या हातातल्या कोलिताची भीती वाटली नाही.

आपल्या बापजाद्यांनी जागल्या म्हणून गावाची राखण केली. रात्रभर दुसऱ्याच्या घरासाठी आरोळ्या दिल्या. आता घर आपलं आहे. आत चोर शिरलाय आणि तो ओळखीचा आहे, म्हणून आरोळी द्यायची नाही?

जय भीम.