‘चालायचंच!’



मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात एखाद्या आजींना “गुडघे कसे आहेत?” असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : “म्हातारपण आहे, फादर, चालायचंच.” दुखणे वयाबरोबर आलेले आहे, त्यावर बोलण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ. घरच्यांनाही हा शब्द सोयीचा पडतो. आजींनी ‘चालायचंच’ म्हटले की विषय संपतो. आज या संपवलेल्या विषयावर आपण थोडा विचार करू या. वेदना होत असताना वृद्ध स्त्रीने काम करीत राहावे की बसून घ्यावे? आणि हे ठरवायचे कोणी?

आपल्या घरांत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे : “दुखणे देवाला अर्पण करा,” आणि मग चूल, धुणे, पाणी, नातवंडे सारे पूर्वीसारखेच चालू. दुसरे उत्तर प्रेमाचे वाटते : “आता काही करू नका, एका जागी बसून राहा.” आम्हाला वाटते, ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

आधी दुसऱ्या उत्तराचा विचार करू. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातील द्रवातून त्याला पोषण मिळते आणि सांधा हलता राहिला तरच हे पोषण नीट पोहोचते. मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देतात. बसून राहिल्याने तेच दुबळे होतात, मग गुडघ्यावर भार वाढतो, दुखणे वाढते, आणि दुखते म्हणून आणखी बसणे होते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, त्यांनाही हालचालीची गरज असते. म्हणूनच सांध्यांच्या झिजेवर आज डॉक्टर गोळ्यांइतकाच, किंबहुना त्याआधी, व्यायाम सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली आहे. ज्यांना तेवढे झेपत नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे, थोडेदेखील उपयोगी पडते, असेही सांगितले आहे.

यावर एखादी माय म्हणेल, “फादर, जन्मभर वावरात राबले. निंदण केले, कापूस वेचला, डोक्यावर पाणी आणले. आता आणखी कसला व्यायाम?” तिचे म्हणणे खरे आहे. तासन्‌तास वाकून वा उकिडवे बसून केलेले काम आणि ओझी उचलणे यांनीच गुडघे व कंबर झिजतात. थांबावेसे वाटले तरी थांबता येत नाही, कारण मजुरी बुडते किंवा घरचे खोळंबतात. व्यायाम वेगळा असतो. तो शरीराच्या कलाने, मोजून, हळूहळू वाढवत करायचा असतो. थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. दुखणे वाढतच गेले तर प्रमाण कमी करायचे असते. कामात शरीर दुसऱ्यांसाठी झिजते, व्यायामात ते सांभाळले जाते. एका जागी पहिले कमी करून दुसऱ्याला वेळ मिळाला, तरच ‘आजी, जरा चालत जा’ या सल्ल्याला काही अर्थ राहतो.

सेवाग्रामात राहणाऱ्यांना हा फरक कळायला कठीण जाऊ नये. १९३६ साली गांधीजी येथे राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक व्रत शरीरश्रमाचे आहे. टॉलस्टॉयच्या लिखाणातून हा विचार आपल्या मनात ठसल्याचे गांधीजींनीच नमूद केले आहे. जे कधी राबले नव्हते त्यांनी झाडू हाती घ्यावा, संडास साफ करावेत, म्हणजे श्रमाचे ओझे वाटले जाईल, हा त्यातला भाव. राबणाऱ्या बाईने आणखी राबावे, असे ते व्रत सांगत नाही. कस्तुरबांचे १९४४ साली निधन झाले, आणि १९४५ पासून त्यांच्या नावाचे रुग्णालय येथे उभे आहे. मात्र त्या रुग्णालयात आजींना घेऊन जाण्यासाठी घरातील कोणी अर्धा दिवस काढला पाहिजे.

आता पहिले उत्तर. ‘देवाला अर्पण करा’ हे ख्रिस्ती श्रद्धेला धरूनच आहे. टाळता न येणारी वेदना ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडता येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात हाच विषय मांडला. परंतु त्याच पत्रात ते अखेरीस चांगल्या शोमरोनीकडे वळतात आणि दुःखिताजवळ थांबून त्याला मदत करण्याचे कर्तव्य सांगतात. त्याआधी १९५७ साली पोप पायस बारावे यांनी वेदनाशमक औषधे घेण्यास नैतिक अडचण नसल्याचे स्पष्ट केले होते. संत थॉमस अक्वायनस तर दुःखावरील उपायांमध्ये मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांबरोबर झोप आणि स्नानही सांगतात! आत्मा आणि देह मिळून माणूस होतो, हे त्यांचे तत्त्वज्ञान येथे अगदी साध्या रूपात दिसते. गेथशेमानी बागेत स्वतः प्रभूनेही आधी प्याला दूर करण्याची विनंती केली. तेव्हा अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. आपण दुसऱ्याची वेदना परस्पर देवाला अर्पण करून मोकळे होऊ शकत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (१३:१०-१७) अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या एका स्त्रीची हकिकत आहे. रविवारच्या वाचनांत ती येत नाही, सामान्य काळाच्या तिसाव्या आठवड्यातील सोमवारी येते; त्यामुळे ती आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर पडत नाही. ती स्त्री काहीच मागत नाही. येशू तिला पाहतो, जवळ बोलावतो, हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला राग येतो : शब्बाथ आहे, उद्या यावे! येशू त्याला आठवण करून देतो की शब्बाथ दिवशीही तुम्ही बैलाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेता. अठरा वर्षे ती इतरांसमोरच होती. तिच्या वाकण्याची सर्वांना सवय झाली होती. ‘चालायचंच’ असे तेथेही कोणी म्हटले असेल.

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. पहिली, घरातील वृद्ध स्त्रीला कुठे, केव्हा आणि काय करताना दुखते ते विचारावे, आणि तिचे म्हणणे खरे मानावे. सूज, ताप, रात्रीचे दुखणे, पायातील अशक्तपणा किंवा पडणे झाले असेल तर डॉक्टरांना दाखवावे; दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर महिने काढू नयेत, त्यांनी पोट आणि मूत्रपिंड बिघडते. दुसरी, तिचे एक जड काम घरातील तरुणांनी, विशेषतः मुलग्यांनी, कायमचे आपल्याकडे घ्यावे. तिसरी, सकाळी किंवा संध्याकाळी तिच्याबरोबर, तिच्या चालीने, थोडे चालावे.

आणि आजींनो, ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी मिस्सामध्ये खुशाल बसावे. प्रकृतीच्या कारणाने तशी मोकळीक मिस्साविधीच्या नियमांतच आहे. त्यात भक्तीला कमीपणा नाही. प्रभूने त्या स्त्रीला अब्राहामाची कन्या म्हटले ते ती वाकलेली होती तेव्हाही तितकेच खरे होते.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू