शेजाऱ्याच्या दाराची सैल कडी

शेजाऱ्याच्या दाराची कडी सैल असल्याचे आपल्या ध्यानी आले, तर आपले कर्तव्य कोणते? मौन पाळावे, तर उद्या तेथे चोरी झाल्यास दोषाचा अंश आपल्याही पदरी येतो. चव्हाट्यावर बोलावे, तर ती वार्ता शेजाऱ्याआधी चोराच्या कानी जाते. संगणकाच्या सुरक्षिततेचे संशोधन करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न नित्य उभा असतो. आमच्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही आज हे शास्त्र शिकत आहेत. म्हणून तो आम्हांस घरचाच वाटतो.

मुळात परक्याची कडी हलवून पाहण्याचा अधिकार आपणांस आहे काय? २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला. कोणाची माहिती नष्ट करण्यासाठी तो रचलेला नव्हता. परंतु रचनेतील चुकीमुळे तो एकाच यंत्रात पुनःपुन्हा शिरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. १९९० साली न्यायालयाने त्याला दंड आणि ४०० तासांची समाजसेवा फर्मावली. चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण येथेही लागू पडते. आपल्याकडील २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदाही मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे गैर ठरवतो.

आता दुसरा प्रश्न: उणीव सापडली, तर ती कोणास सांगावी? संत मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, प्रभू येशूने चुकलेल्या बंधूविषयी क्रम घालून दिला आहे. आधी त्याला एकांतात सांगावे. न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. तरीही न ऐकल्यास ख्रिस्तसभेला कळवावे.

२००८ साली डॅन कामिन्स्की या अमेरिकन संशोधकाला इंटरनेटच्या नामव्यवस्थेत मोठी उणीव आढळली. आपण लिहिलेल्या नावावरून संगणकाचा अंकी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था. तिच्यात खोटे उत्तर घुसवता आले, तर बँकेकडे निघालेला ग्राहक नकळत ठकाच्या दारी पोहोचेल! कामिन्स्कीने ही गोष्ट विकली नाही, मिरवलीही नाही. त्याने निवडक जाणकारांना विश्वासात घेतले. मार्चअखेर ते एकत्र बसले आणि ८ जुलै रोजी अनेक कंपन्यांनी एकाच वेळी दुरुस्ती प्रसृत केली. पुढे दोन आठवड्यांच्या आतच तपशील फुटला. पण तोवर पुष्कळ दारांना नवी कडी बसली होती.

मात्र मालकाने कानाडोळा केला तर? एकांताचे निमित्त करून अनंत काळ गप्प राहणे हा सद्गुण नव्हे. त्या दाराआड निरपराध माणसे निजलेली असतात. म्हणूनच गूगलचे संशोधक दुरुस्तीसाठी सामान्यतः ९० दिवसांची मुदत देतात आणि त्यानंतर उणीव जाहीर करतात. शुभवर्तमानातील तिसरी पायरीही याच कारणास्तव आहे.

परंतु त्या साऱ्या क्रमाचा हेतू बंधूला परत मिळवणे हा आहे, त्याची फजिती करणे नव्हे. संशोधकाने उणीव जाहीर करण्यापूर्वी स्वतःला हेच विचारावे: मला कडी दुरुस्त व्हायला हवी आहे, की माझे नाव व्हायला हवे आहे? आणि ज्याच्या दारी कोणी सावध करावयास येतो, त्याने त्यालाच चोर ठरवू नये. सांगणाऱ्याला धैर्य लागते, तसे ऐकणाऱ्याला नम्रता लागते.