ग्रंथालयातले ऋण

असाईनमेंट म्हणजे नेमून दिलेल्या विषयावर विद्यार्थ्याने स्वतः माहिती जमवून, ती पारखून आणि आपल्या शब्दांत मांडून लिहिलेला लेख. विद्यापीठाच्या दृष्टीने हा अंतर्गत मूल्यमापनाचा, म्हणजे महाविद्यालयाच्याच हाती असलेल्या गुणांचा, एक लहानसा भाग असला, तरी नीतीच्या दृष्टीने तो लेखी परीक्षेहून अवघड आहे. कारण परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक फिरत असतो आणि असाईनमेंट लिहिताना मात्र विद्यार्थ्यावर त्याच्या स्वतःखेरीज कोणाचीही नजर नसते. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेल्या तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावातून आष्टी, आर्वी किंवा कारंजा (घाडगे) येथे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी महाविद्यालयाचे ग्रंथालय हे बहुधा आयुष्यातले पहिले मोठे ग्रंथालय असते. त्यामुळे तिथे लागणारे वळण पुढे कार्यालयात, न्यायालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत कागद लिहिताना सोबत राहते.

आज हे वळण बव्हंशी चुकीचे लागते, हे मान्य केले पाहिजे. सत्र संपत आले की एका हुशार मुलीची वही वर्गभर फिरते, झेरॉक्सच्या दुकानात तिच्या प्रती निघतात, कोणी गाईडमधली पाने उतरवतो, तर कोणी मोबाइलवर आलेला मजकूर अक्षर सुबक काढून लिहितो. दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु 'प्रदूषण : कारणे व उपाय' किंवा 'भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने' हे विषय वर्षानुवर्षे साऱ्या वर्गाला एकसारखे दिले जात असतील आणि जमा झालेल्या वह्यांवर न वाचताच सही होत असेल, तर नकलेचे बीज विषय देणाऱ्यानेच पेरलेले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच शंभर ठिकाणी तयार आहे, त्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढण्याचे कारणच विद्यार्थ्याला उरत नाही, आणि जिथे शोध नाही तिथे प्रामाणिकपणाची अपेक्षा करणेही पोकळ ठरते.

याउलट, तळेगावच्या परिसराने दिलेले प्रश्न पाहावेत. 'चले जाव' चळवळीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीत जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, गोळीबार झाला आणि आंदोलक व पोलीस अशा दोन्ही बाजूंची माणसे मरण पावली. त्याच दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथेही उठाव झाला आणि चिमूरच्या जनतेवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. या घटनांवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी बाजूचे लेखन, खटल्यांची माहिती, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी आणि पुढे लिहिले गेलेले इतिहास शेजारी शेजारी ठेवावेच लागतात. मग एकाच प्रसंगाला एकीकडे दंगल आणि दुसरीकडे क्रांती म्हटलेले त्याला दिसते, आणि कोणते विधान कोणी, कोणत्या स्थानावरून, किती वर्षांनी केले हे विचारल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही. इतिहासशास्त्रात ज्याला साधनचिकित्सा म्हणतात, म्हणजे पुराव्याचा उगम व विश्वासार्हता तपासणे, ती केवळ व्याख्या पाठ करून येत नाही. ती अशा पेचात सापडूनच येते.

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा भूगोल, इतिहास, शेती, लोकजीवन आणि गावे यांची शासनाने तयार करविलेली माहितीपुस्तिका, हे असेच दुसरे साधन होय. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याचे जुने गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांनी १९०६ मध्ये संपादित केले आणि महाराष्ट्र शासनाची आवृत्ती १९७४ मध्ये निघाली. या दोन ग्रंथांमधील कापसाची, पाण्याची किंवा बाजाराच्या गावांची माहिती ताडून पाहिली आणि ती आजच्या संत्र्याच्या बागांशी व महामार्गालगतच्या दुकानांशी जोडली, तर जो लेख तयार होईल तो कोणत्याही गाईडमध्ये असू शकत नाही. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दशासर अशा अनेक तळेगावांमधून हे तळेगाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते श्यामजी पंत कोण, कोणत्या काळातले आणि कोणत्या कागदात त्यांचा उल्लेख पहिल्यांदा आढळतो, हा प्रश्नही एका पूर्ण सत्राचे काम ठरेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात आलेले क्षेत्र प्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष गावात वा संस्थेत जाऊन करावयाचे काम, अशा प्रश्नांसाठी फार सोयीचे आहेत. मात्र तेही छापील नमुना भरून देण्याची औपचारिकता ठरू नयेत.

प्रश्न चांगला मिळाला, तरी पुस्तक हाती पडावे लागते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र, ग्रंथ हे वापरासाठी आहेत, इतके उघड वाटते की त्याचा भंग डोळ्यांत भरत नाही. परंतु जिथे संदर्भग्रंथांची कपाटे कुलूपबंद असतात, बी.टी. कार्डावर, म्हणजे पुस्तक घरी नेण्याच्या कार्डावर, एक-दोनच पुस्तके मिळतात आणि चिठ्ठीवर नाव लिहून दिल्यावर 'नाही' एवढेच उत्तर येते, तिथे हे पहिलेच सूत्र मोडलेले असते. मुक्तद्वार पद्धतीत, म्हणजे वाचकाने स्वतः मांडणीपर्यंत जाऊन पुस्तक निवडण्याच्या व्यवस्थेत, काही पुस्तके हरवतात हे खरे. पण कुलपाआड राहिलेले पुस्तक तर वाचकाच्या दृष्टीने आधीच हरवलेले असते. विद्यार्थ्यांनीही इथे आपली बाजू तपासली पाहिजे: संदर्भग्रंथातले पान फाडून नेणारा, किंवा दुसऱ्याला मिळू नये म्हणून पुस्तक भलत्याच फळीवर दडवणारा, पुढच्या अनेक वाचकांचा वाटा एकट्याने घेतो, आणि हा अपराध चोरून लिहिण्याहून लहान नाही.

भारतीय परंपरेत मनुष्य जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो असे मानले आहे आणि त्यांतले ऋषिऋण, म्हणजे ज्ञान निर्माण करून ते जतन करणाऱ्यांचे देणे, अध्ययनाने फेडावे असे सांगितले आहे. हा विचार आजच्या ग्रंथालयात उतरवायचा, तर अध्ययनाला त्या देण्याची उघड कबुलीही जोडावी लागेल. लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक या चार गोष्टी असाईनमेंटच्या तळाशी लिहिणे ही ती कबुली होय. हा शिष्टाचार परका नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये ज्या ज्ञानकोशाच्या उद्योगाची सुरुवात याच विदर्भात, नागपुरात केली, तिथपासून १९७६ मध्ये पहिला खंड निघालेल्या मराठी विश्वकोशापर्यंत मराठीने संदर्भग्रंथांची मोठी परंपरा उभी केली आहे, आणि विश्वकोशातील नोंदींच्या शेवटी लेखकाचे नाव, तसेच आवश्यक तेथे संदर्भांची यादी दिलेली असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या प्रमुख संपादकाच्या या कोशात जे आवश्यक मानले गेले, ते पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकवायला काहीच हरकत नसावी.

कायदा या बाबतीत किती दूर जातो आणि कुठे थांबतो, हेही समजून घ्यावे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढण्यास मोकळीक दिली. म्हणजे अशी प्रत काढणे हा गुन्हा नाही, पण प्रत काढलेले विचार आपले म्हणून देण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या असून, शोधप्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही आणि साठ टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. परंतु बी.ए.च्या विद्यार्थिनीने हाताने लिहिलेली वही साम्य तपासणाऱ्या कोणत्याही यंत्रातून जात नाही. टक्केवारीच्या धाकावर उभा राहिलेला प्रामाणिकपणा अशा वहीपर्यंत पोहोचूच शकत नाही. तिथे शिक्षकाने ती वही वाचणे आणि 'हे कुठे मिळाले?' असे आस्थेने विचारणे, एवढेच कामी येते.

मागितलेला मजकूर रचून देणाऱ्या चॅटजीपीटीसारख्या साधनांमुळे प्रामाणिकपणाच्या या प्रश्नाची निकड वाढली आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचून दिलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. शिकलेल्या, अनुभवी माणसांची ही गत झाली ती मूळ निवाडा उघडून न पाहिल्यामुळे. ग्रंथालयात फळीपर्यंत जाऊन, पान उलटून, आपण उद्धृत करतो ते वाक्य तिथे खरोखर आहे की नाही हे पाहण्याची सवय ज्याला आहे, तो नवी साधनेही निर्धास्तपणे वापरू शकेल.

म्हणून पुढचे सत्र सुरू होताना आष्टी, आर्वी, कारंजा परिसरातील प्राध्यापकांनी प्रत्येक विषयात निदान एक प्रश्न या मातीतला द्यावा, ग्रंथपालांनी गॅझेटियर व विश्वकोशाचे खंड कुलपाबाहेर काढून वाचनकक्षात ठेवावेत, आणि तळेगावच्या ज्या घरांत १९४२ची पत्रे, जुने फेरफार, बाजाराच्या पावत्या किंवा देवस्थानाच्या वह्या असतील त्यांनी त्यांची एकेक छायाप्रत, देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून, जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी.