टाकीतील तांदूळ

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट आपल्या देशाने प्रथम २०३० सालासाठी ठरविले होते, ते २०२५ सालीच गाठले गेले. खनिज तेलासाठी परदेशापुढे पसरावा लागणारा हात त्यामुळे थोडा आखडला आणि साखर कारखान्यांना उत्पन्नाचे नवे साधन लाभले. हे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु इंधन स्वच्छ आहे एवढ्यावरून ते न्याय्यही आहे, असे मात्र ठरत नाही.

थोडे गणित मांडू या. एक टन तांदळापासून साधारणतः ४५० लिटर इथेनॉल मिळते. मोटारीच्या ४० लिटरच्या टाकीत आज ८ लिटर इथेनॉल जाते. ते तांदळाचे असेल, तर त्यासाठी सुमारे १८ किलो तांदूळ खर्ची पडतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनवर बहुतेक लाभार्थींना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे एका माणसाचे साडेतीन महिन्यांचे धान्य एका टाकीत गेले! (शिवाय इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच.) सर्वच इथेनॉल तांदळाचे नसते, हे खरे. ते उसाचे असते, मळीचे असते आणि अलीकडे मोठ्या प्रमाणावर मक्याचे असते. पण मका हे कोंबड्यांचे खाद्य. आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ साली त्याची आयात करू लागला.

यावर उत्तर मिळते ते असे, की गोदामांतील 'अतिरिक्त' तांदूळच तेवढा वापरला जातो. ह्या शब्दापाशी माझे मन अडते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत मजूर उपाशीपोटी गावाकडे चालत निघाले असताना, अन्न महामंडळाकडील अतिरिक्त तांदूळ जंतुनाशक द्रव व इंधन यांच्यासाठी देण्यास शासकीय समितीने मान्यता दिली. गोदामाच्या हिशेबात तो अतिरिक्त होता. त्या वाटसरूंच्या हिशेबात तो तसा होता काय? श्रीमंताकडे गरजेपेक्षा अधिक जे आहे ते निसर्गनियमानेच गरिबाच्या पोषणासाठी असते, असे संत थॉमस अक्विनास सांगतात. त्यांच्या मते दान हा येथे उपकार नसून देणे आहे. सरकारी गोदामाला हा नियम लागू नाही, असे म्हणण्यास मला तरी आधार सापडत नाही.

तुकडा तांदळाविषयी तर अधिकच जपून बोलावे. धोरणाच्या भाषेत तो हलका माल. आपल्या किनारपट्टीवर मात्र कण्यांच्या पेजेवर कित्येक घरांनी दिवस काढले आहेत.

भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ साली पानिपत येथे उभा राहिला. जो पेंढा शेतातच जाळून राजधानीची हवा कोंदत होती, त्याचे इंधन होत असेल तर विवेकबुद्धीला आक्षेप घेण्याचे कारण नाही. असे प्रकल्प कठीण आणि खर्चिक असतात. म्हणूनच सोपी वाट धान्याकडे वळते.

जुलै २०२३ मध्ये महागाईच्या भीतीने शासनाने इथेनॉलसाठी तांदूळ देणे थांबविले होते. ताट आधी आणि टाकी नंतर, हा क्रम तेव्हा मान्य झाला होता. पुढे विक्री पुन्हा सुरू झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये आसवनींसाठी तांदळाचा दर किलोला २८ रुपयांवरून साडेबावीस रुपयांवर आणण्यात आला. बाजारात त्या भावाने तांदूळ कोणाला मिळतो, हे घरच्या गृहिणीला विचारावे.