दाराशी ठेवलेला डबा



घरातल्या चिल्लरचे किती उपयोग होतात, हे आम्हांला घरभेटींत कळले. एका घरी पडद्याच्या खालच्या दुमडीत जुनी चार आण्यांची नाणी शिवलेली होती. खाडीवरचा वारा सुटला तरी पडदा उडत नव्हता. दुसऱ्या घरी वजनकाटा तपासायला दहा रुपयांची तेरा नाणी. एकेक पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेरांचे साधारण शंभर ग्रॅम. नाताळच्या केकची साखर मोजण्याआधी काटा खरे बोलतो की खोटे, ते समजते. फ्रीजरची युक्ती तर आम्हीही उचलली. पेल्यात बर्फ करायचा, त्यावर नाणे ठेवायचे आणि गावाला जायचे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नको. तळाशी गोठलेले दिसले, तर आपल्यामागे वीज बराच वेळ गेली होती. मासळी कितीही कडक दिसली तरी फेकून द्यावी.

आमच्या धर्मगुरुनिवासातही नाण्यांचा एक उपयोग होत होता. दूध पावडरचा जुना डबा चिल्लरने भरून दाराला लावलेला, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. गेल्या पावसाळ्यात एक आजी त्या दाराशी आल्या. "फादर, शंभराचे सुट्टे आहेत का? कंडक्टरने खाली उतरवलं." आम्ही खिसा चाचपला. "नाहीत हो, आजी." त्या छत्री उघडून भर पावसात चालत गेल्या. डबा त्यांच्या पायाशीच होता. रात्री दार लावताना तो सरकवायला वाकलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले. त्या रात्रीची प्रार्थना काही नीट झाली नाही.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. पायताणाचे दोन उपयोग, असे तो 'पॉलिटिक्स' ग्रंथात सांगतो : पायात घालणे हा त्याचा स्वतःचा, आणि देवघेवीत देणे हा दुसरा. नाण्याचे नेमके उलट. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते पैशाचा मुख्य उपयोग खर्च होण्यातच आहे. हातातून हातात जाणे हे नाण्याचे काम. दार अडवणे हे उपरे. परीक्षेत आम्ही हे उत्तर बरोबर लिहिले होते!

संत लूकच्या शुभवर्तमानात 15 व्या अध्यायात दहा नाण्यांपैकी एक हरवलेली स्त्री भेटते. त्या दाखल्यावर आम्ही कितीदा प्रवचन दिले, पण एक गोष्ट निसटली होती. तिचे नाणे चोरीला गेले नव्हते, रस्त्यात पडले नव्हते. ते घरातच होते, आणि तरी हरवलेले होते. तिने दिवा लावला, घर झाडले. आमच्या दाराशी तर दिवा रोज जळतो.

आता थोडे व्यवहाराचे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. ती पडद्यात शिवा, फ्रीजरमध्ये ठेवा. दानपेटीत मात्र टाकू नका. अजूनही सापडतात, कोण टाकतो ते आम्ही विचारत नाही. पन्नास पैसे व त्यावरची नाणी चालतात. दहाचे नाणे चालत नाही ही निव्वळ अफवा आहे. तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केले. काटा तपासून झाला की ती तेराही पाकिटात परत जाऊ द्या.

पुढच्या रविवारी पहिल्या मिस्सानंतर फाटकाशी टेबल मांडू. आमचा डबा तिथे रिकामा होईल, तुमचेही आणा. मोजून नोटा परत मिळतील. मोबाईलवर पैसे घेणे ज्यांना जमत नाही, त्या भाजीवाल्या मावश्यांनी आणि बसने जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हवे तेवढे सुट्टे न्यावेत. दाराला आता एक चिरा लावला आहे.

त्या आजी कोणत्या आळीतल्या, हे आम्ही त्या दिवशी विचारलेच नाही. कोणाला ठाऊक असल्यास कृपया आम्हांला कळवावे.