कुंभाराचं गाढव आणि जुना लॅपटॉप

दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. वाय-फाय जोडलं गेलं, सिग्नल पूर्ण दिसतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्राबद्दल तक्रार करतो. नवी पॅकेजेस उतरवायला जावं, तर भांडाराची माहिती ‘अजून वैध झालेली नाही’ असा संदेश येतो. मग ब्राउझर बदलला जातो, राउटर बंद-चालू होतो, ड्रायव्हर पुन्हा बसवला जातो. शेवटी वैतागून लॅपटॉप कॉलेजातून घरी नेला जातो, अख्खी सिस्टिम नव्याने टाकली जाते, आणि सगळं सुरळीत चालू लागतं. निदान पक्कं होतं: सिस्टिमच बिघडली होती.

खरं कारण मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये होतं. सीआर२०३२ जातीचा हा सेल लॅपटॉप बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की यंत्र कित्येक वर्षं मागे जाऊन जागं होतं. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. यंत्राच्या लेखी ती सुरुवात अजून व्हायचीच असते, म्हणून ते नकार देतं. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा हे दुखणं एरवी झाकून टाकते. पण कॉलेजच्या किंवा कचेरीच्या नेटवर्कवर ती अडवलेली असेल, तर वेळ जुळत नाही. घरच्या नेटवर्कवर जुळते. म्हणजे फरक पडला तो जागा बदलल्यामुळे, आणि श्रेय गेलं नव्याने टाकलेल्या सिस्टिमला.

इथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. काम झालं म्हणजे कारण कळलं, असं म्हणता येतं का?

भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शतकानुशतकं भांडण झालं आहे. मीमांसकांचं म्हणणं असं, की ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. त्याला खोटं ठरवणारं काही पुढे येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी ही बाजू मोठ्या ताकदीने मांडली. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हतं. ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून तपासावं लागतं, आणि ती तपासणी कृतीतून होते, हा न्यायाचा पक्ष. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या विचाराने होते. दुरून पाणी दिसलं, तहानलेला माणूस तिथे गेला, प्यायला आणि तहान भागली, तर त्याचं ज्ञान खरं. लॅपटॉप दुरुस्त करणारे बहुतेक जण नकळत नैयायिक असतात. आज्ञा दिली, यंत्र चाललं, निदान बरोबर.

पण ही कसोटी फसू शकते, हेही भारतीय दर्शनांनीच दाखवून दिलं. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने एक उदाहरण दिलं आहे. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण वर किड्यांचा थवा घोंगावतो आहे. दुरून पाहणाऱ्याला तो धूरच वाटतो. ‘तिथे अग्नी आहे’ असं तो ठरवतो, जवळ जातो, आणि खरोखरच अग्नी असतो. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात अशीच अडचण मांडली: मुठीतल्या कवड्यांची संख्या एखाद्याने अंदाजाने सांगितली आणि ती जुळली, तर त्याला ती ठाऊक होती असं म्हणायचं का? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच पेच एडमंड गेटियर यांच्या १९६३ सालच्या अवघ्या तीन पानांच्या लेखामुळे गाजला.

जुनी यंत्रं असे थवे रोज उठवतात. लॅपटॉप मधूनच गोठतो म्हणून रॅमच्या दोन स्टिक काढून त्यांच्या जागा आलटून-पालटून बसवल्या. गोठणं थांबलं. स्टिक खराब होती की स्लॉट? बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात. वर्षानुवर्षं साचलेली धूळ आणि धातूवर चढलेला थर यांमुळे संपर्क तुटक झालेला असतो आणि काढ-घाल करताना तो घासून साफ होतो. अदलाबदल केली ती शोध घेण्यासाठी, पण शोधायचा बिघाड त्या शोधानेच पुसला गेला.

यंत्राने स्वतःविषयी दिलेली साक्षही नेहमी खरी नसते. २००३ साली आलेल्या पेन्टियम एम प्रोसेसरची गोष्ट घ्या. चार गिगाबाइटपलीकडची मेमरी हाताळण्याची ‘पीएई’ नावाची सोय त्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच नमुन्यांत होती, पण विचारल्यावर ती आहे असं तो प्रोसेसर सांगत नसे. २०१२च्या सुमारास उबंटू या लिनक्स वितरणाने पीएई नसलेल्या प्रोसेसरसाठीचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, देणं बंद केलं, आणि हे लॅपटॉप ‘सोय नाही’ म्हणून दारातूनच परत फिरवले गेले. पुढे २०१४च्या आवृत्तीत ‘फोर्सपीएई’ हा पर्याय आला. प्रोसेसर काय म्हणतो तिकडे लक्ष देऊ नका, सोय आहे असं धरून चाला, एवढाच त्याचा अर्थ. तेच लॅपटॉप चालू लागले.

उलट दिशेनेही खोटं बोललं जातं. लॅपटॉपचं फर्मवेअर सुरू होताना सिस्टिमला विचारतं, तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का? लिनक्सचं कर्नल ‘हो’ म्हणतं. ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला मात्र २००७पासून ते एरवी ‘हो’ म्हणत नाही, कारण निर्मात्यांनी आपलं फर्मवेअर तपासलेलं असतं ते विंडोजवर. जुन्या यंत्रांवर उजेड कमी-जास्त करायची बटणं चालेनाशी होतात, तेव्हा बरेचदा हे उत्तर बदलून पाहावं लागतं. मग कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा? या शब्दप्रमाणाबाबत वात्स्यायन काटेकोर होता: ज्याला विषयाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि ते सांगण्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. या कसोटीवर इंटरनेटवर उपाय सांगणारा परदेशातला अनोळखी जाणकार आप्त ठरतो. ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो प्रोसेसर ठरत नाही.

मग श्रीहर्षाच्या शंकेपुढे हार मानून कारणाचा नादच सोडायचा का? तशी गरज नाही. न्यायाकडेच याचं उत्तर आहे, फक्त ते ‘यश मिळालं’ इथे थांबत नाही. कार्याच्या आधी नियमाने असणारं ते कारण, असं तर्कसंग्रह हा न्यायाचा ग्रंथ सांगतो. पण आधी असलेलं सगळंच कारण नसतं म्हणून नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ गोष्टी वेगळ्या काढल्या. प्रसिद्ध उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. घडा होण्याआधी माती वाहून आणणारं गाढव हजर होतं, तरी ते घड्याचं कारण नव्हे. लॅपटॉप चालू होण्याआधी दिलेल्या दहा आज्ञांपैकी नऊ अशी गाढवं असतात, आणि पुढच्या वेळी माणूस दहाही आज्ञा भक्तिभावाने पुन्हा देतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की त्याचा विधी होतो.

गाढव ओळखायची रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना घडतं का आणि नसताना घडत नाही का, दोन्ही पाहायचं. मुक्त सिस्टिमचं तात्त्विक महत्त्व इथे आहे. ती फुकट मिळते हा भाग दुय्यम. बंद सिस्टिममध्ये निर्मात्याचा शब्द ऐकून गप्प बसावं लागतं. लिनक्समध्ये कर्नलची नोंद वाचता येते, सुरू होतानाचा एकच पर्याय बदलून पाहता येतो, जुनं कर्नल निवडता येतं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २००५ साली लिहिलेल्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात तर या रीतीचंच यंत्र बनवलेलं आहे: कुठल्या बदलानंतर बिघाड आला ते शोधायला यादी दर वेळी निम्मी करत जायची, हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो.

या मोकळेपणालाही कुंपण आहे. वाय-फाय चिपचं फर्मवेअर बहुधा बंदच असतं. २०२२मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या सदस्यांनी मतदान करून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते येऊ लागलं. जुने लॅपटॉप सहज चालू लागले, पण तेवढ्या भागात ‘आत काय चाललं आहे’ याचं उत्तर पुन्हा निर्मात्याच्या शब्दावर आलं.

तेव्हा निवाडा न्यायाच्याच बाजूने, पण एका दुरुस्तीसह. काम होणं हा ज्ञानाचा पुरावा आहे, पण अर्धा. बिघाड मुद्दाम परत आणता आला आणि पुन्हा घालवता आला, तर कारण कळलं. यावर एक आक्षेप रास्त आहे: दुरुस्तीच्या टेबलावर रांग लागलेली असताना चालू झालेलं यंत्र पुन्हा बिघडवायला वेळ कोणाकडे आहे? नसेल तर नसो. दुरुस्तीचं काम यंत्र चालवणं आहे आणि ते झालं. मात्र मग दावाही तेवढाच करावा. जुना लॅपटॉप ज्यांच्या हातात येतो त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती लिहून ठेवावी, आणि उलट तपासणी केलेली नसेल तर गिऱ्हाइकाला ‘रॅम गेली होती’ असं न सांगता ‘रॅम काढून पुन्हा बसवली आणि चालू झाला’ एवढंच सांगावं.