पडद्यामागचा हक्कदार

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाळू व दयावंत आहे. सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना प्रेषितत्वापूर्वीही मक्केचे लोक ‘अमीन’ म्हणूनच ओळखत होते.



गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी मक्तबमध्ये मुलांना अमानतीचा धडा देत होतो. दुसऱ्याच्या झाडाचा आंबा विचारल्याशिवाय उचलू नये, वर्गमित्राची पेन्सिल परत करावी, इथपर्यंत सारे नेहमीप्रमाणे पार पडले. धडा संपल्यावर दहावीत शिकणारा एक विद्यार्थी जवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “मौलाना, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खालच्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करा असं लिहून येतं. म्हणजे ती कॉपी विकत घेतलेली नाही ना?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. सहा वर्षांपूर्वी एका दुकानदाराने तो संगणक जोडून दिला होता. “सगळं टाकून देतो,” एवढेच तो म्हणाला होता आणि ‘सगळे’ म्हणजे काय, हे मी विचारले नव्हते. पावतीही मागितली नव्हती. त्याच यंत्रावर मी सहा वर्षे जुम्याचे खुतबे टंकलिखित केले. अमानतीवरचे माझे व्याख्यानही त्यावरच लिहिले गेले. ती ओळ मला रोज दिसत होती. तिचा अर्थ मात्र एका मुलाने मला सांगितला.

त्या रात्री मी सूरह अल-माइदा उघडली. ‘माइदा’ म्हणजे वाढलेला दस्तरख्वान. या सूरहमधील तीन आज्ञा मला आपल्या घरातल्या संगणकाच्या टेबलाला थेट लागू होताना दिसल्या. त्याच आपल्यासमोर मांडतो.

करार

सूरहची पहिलीच आयत ईमानधारकांना केलेले करार पूर्ण करण्याची आज्ञा देते. संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, ती बसवताना पडद्यावर अटींचा लांबलचक मजकूर येतो आणि त्याखाली ‘मान्य आहे’ असे बटण असते. ते बटण दाबणे म्हणजे शब्द देणे होय. दुकानदाराने दाबले म्हणून आपण सुटत नाही, कारण लाभ आपण घेत असतो.

कोणी विचारील की कॉपी केल्याने मालकाची मूळ प्रत कुठे कमी होते? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, तिला ‘माल’ म्हणावे काय, याविषयी आपल्या उपखंडातील उलमांमध्येही मतभेद होते, आणि प्रत काढण्याचा हक्क विकता येत नाही असे मानणारे बुजुर्ग होऊन गेले. पुढे व्यवहार बदलले. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनात या प्रश्नावर विचार झाला, आणि लेखन, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्कांना आज आर्थिक मूल्य प्राप्त झाले असून ते शरीअतच्या दृष्टीने संरक्षणीय आहेत, त्यांचे उल्लंघन करता येत नाही, असा ठराव झाला.

आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते. मराठीचा विद्यार्थी म्हणून हे प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले, मग पटले. कादंबरीकार जसा ओळीमागून ओळ लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, तसाच तोही कोणीतरी रात्र जागवून लिहिलेला मजकूर आहे. आपल्याला पडदा दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही. हक्कदार दिसत नसला म्हणून त्याचा हक्क नाहीसा होत नाही. अल्लाहचे हक्क तौबा केल्याने अल्लाह माफ करील अशी आशा आहे. बंद्यांचे हक्क मात्र बंद्याला परत करावे लागतात किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावे लागतात. हुकूकुल-इबादचा हा नियम आपण लहान मुलांनाही शिकवतो.

“पण मौलाना, आम्हा गरिबांना परवडत नाही,” असे कोणी म्हणेल. येथे मला मदीनेतील रूमाची विहीर आठवते. मुहाजिर मदीनेत आले तेव्हा गोड पाण्याची टंचाई होती आणि रूमाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. तहान खरी होती, गरिबीही खरी होती. तरी रात्री जाऊन पाणी चोरून आणा, असे प्रेषितांनी (स.) कोणाला सांगितले नाही. ती विहीर घेऊन लोकांसाठी खुली करणाऱ्याला त्यांनी जन्नतची शुभवार्ता दिली, आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी आपल्या पैशाने ती खरेदी करून सर्वांसाठी वक्फ केली.

संगणकाच्या जगातही अशी एक खुली विहीर आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये असा संकल्प जाहीर केला की, कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार करावी. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तोही तशाच परवान्याखाली खुला केला. त्या परवान्याची मुख्य अट अशी की, त्यात बदल करून तो दुसऱ्याला द्याल, तर आपण लिहिलेला मजकूरही त्याच्यासमोर खुला ठेवा. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. या लोकांची नियत काय होती, हे अल्लाह जाणतो. त्याला वक्फ म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण शिताफीने चोरलेल्या पाण्यापेक्षा ही विहीर हजार पटींनी स्वच्छ आहे, एवढे मी निःशंकपणे म्हणेन. फिकहचा नियम असा की, निकडीच्या प्रसंगी निषिद्ध गोष्टीलाही मर्यादित मुभा मिळते. परंतु शेजारी हलाल पाणी मोफत उपलब्ध असताना निकड उरते कुठे?

आम्ही काय केले, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी मी विश्वस्तांसमोर चूक कबूल केली. ऑफिसच्या संगणकासाठी रीतसर परवाना विकत घेतला, आणि मक्तबच्या दोन जुन्या यंत्रांवर त्याच विद्यार्थ्याने लिनक्स बसवून दिले. हे सुखासुखी झाले नाही. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले माझे खुतबे त्या यंत्रांवर उघडताच रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसू लागला. ते युनिकोडमध्ये आणायला आणि इनस्क्रिप्ट कळफलकाची सवय व्हायला तीन आठवडे गेले. बोटे अडखळत होती, पण मनावरचा भार हलका झाला होता.

न्याय

हे सारे ऐकून एक सुशिक्षित तरुण मला म्हणाला, “पण या कंपन्या तरी कुठे साधू आहेत? त्यांनी बाजार लुटला. आम्ही त्यांची एक कॉपी घेतली तर काय बिघडले?”

त्याच्या म्हणण्याचा पहिला भाग निराधार नाही. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. विंडोजच्या मक्तेदारीच्या बळावर आपला ब्राउझर ग्राहकांच्या गळ्यात बांधून नेटस्केप या प्रतिस्पर्ध्याला बाजारातून हुसकण्याचा प्रयत्न झाला, हा मुख्य आरोप होता. २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष कायम ठेवला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या संदर्भात आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

इस्लाम अशा वेळी धनवंताची बाजू घेत नाही. भाव चढावेत म्हणून माल अडवून ठेवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) गुन्हेगार ठरवले. बाजाराचा भाव ठाऊक नसलेल्या काफिल्याला वाटेतच गाठून त्याचा माल स्वस्तात घेण्यास त्यांनी मनाई केली. घ्यायचे नसताना केवळ किंमत वाढवण्यासाठी बोली लावणेही निषिद्ध ठरवले. बाजार सर्वांसाठी खुला असावा, आणि ज्याचा माल चांगला त्याचा खपावा, हेच या शिकवणीचे सार आहे. म्हणून मक्तेदारीविरुद्ध बोलणे, तक्रार करणे, दुसरा पर्याय निवडणे हे सारे योग्यच आहे. आपल्या दुकानासाठी मित्रांकडून इंटरनेटवर खोटे तारे मिळवणाऱ्या आपल्या तरुणांनी मात्र हे आरशात पाहून बोलावे.

परंतु समोरचा अन्यायी आहे म्हणून माझी चोरी न्याय्य ठरते काय? सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीत अल्लाह बजावतो की, एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. या आयतीचे चालते-बोलते उदाहरण हिजरतच्या रात्री दिसते. प्रेषितांच्या (स.) प्राणावर उठलेल्या मक्केतील लोकांच्याच ठेवी त्यांच्याकडे होत्या. घराला वेढा पडलेला असताना त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते कशासाठी? ज्याची ठेव त्याला परत पोहोचावी म्हणून. मारेकऱ्यांच्या ठेवी बुडवण्याचे याहून मोठे निमित्त कोणाला मिळाले असते? तरी एक दिरहमही बुडवला गेला नाही. कंपनी श्रीमंत आहे, परक्यांची आहे, जुलमी आहे, ही आपली कारणे त्या रात्रीसमोर ठेवून पाहा.

येथेच आणखी एक गोष्ट. आपली मुले अँड्रॉइड चांगले की आयफोन, विंडोज की लिनक्स, यावर तावातावाने वाद घालतात. मत असण्यास हरकत नाही. पण ज्याच्या वडिलांना महागडा फोन घेता आला नाही, त्या मुलाची टर उडवणे, हा मताचा नव्हे, तर गर्वाचा प्रकार आहे. आणि खुल्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यानेही विकतचे पाणी हलाल मार्गाने पिणाऱ्याला तुच्छ लेखू नये.

खेळ

आता तिसरी आज्ञा. खेळ हा मुळात निषिद्ध नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदे-नबवीत भाले-ढालींचा खेळ करीत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांना तो दाखवला, आणि पाहून त्यांचे मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. म्हणून संगणकावरचा प्रत्येक खेळ हराम, असा सरसकट निर्णय मी देणार नाही.

पण आजचे अनेक खेळ फुकट दिले जातात आणि आतून कमाई करतात. त्यात एक पेटी विकत मिळते. पैसे आधी भरायचे. आत दुर्मीळ तलवार आहे की क्षुल्लक टोपी, हे उघडल्यावर कळायचे. टोपी निघाली की दुसरी पेटी. यात आणि जुगारात फरक किती उरला? बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगारच असल्याचे ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. कायद्याची रेषा जिथे संपते, तिथून मोमिनाची सावधगिरी सुरू होते. माइदाच्या नव्वदाव्या व एक्क्याण्णवाव्या आयतींत जुगारापासून दूर राहण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही आहे. सैतान त्यातून माणसामाणसांत वैर पेरतो, आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो.

हे कारण प्रत्येक खेळाची कसोटी म्हणून वापरता येते. खेळून उठल्यावर मुलगा भावावर डाफरतो का? फजरला उठू शकतो का? अम्मीच्या फोनवरून न विचारता पैसे गेले का? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आता खेळाच्या विकाराचाही समावेश आहे, आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांआधी खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे. रोजचे बक्षीस चुकू नये म्हणून रोज बोलावणारा, आणि जाणूनबुजून शेवटच नसलेला खेळ मुलाच्या वेळेवर डोळा ठेवून रचलेला असतो. आरोग्य आणि रिकामा वेळ, या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक फसतात, असे प्रेषितांनी (स.) सांगून ठेवले आहे. येथे पडद्याच्या अलीकडचा हक्कदार आपले स्वतःचे मूल आहे.

अब्बांनो, यात आपलाही हिशेब आहे. आपण जेवताना हातातला फोन खाली ठेवत नसू, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? संगणक बंद खोलीत न ठेवता घराच्या बैठकीत ठेवा. पैसे देण्याचा गुप्त क्रमांक मुलांना देऊ नका. इशानंतर पडदा बंद, हा नियम आधी स्वतःला लावा. आणि अधूनमधून त्यांच्याजवळ बसून ते काय खेळतात ते पाहा. मनाई करण्यापूर्वी माहिती करून घ्या.

आज घरी गेल्यावर संगणकाचा कोपरा पाहा. तिथे विकत न घेतल्याची ओळ उमटत असेल, तर ती पुसून टाकण्याची युक्ती शोधू नका. हक्क देऊन टाका, नाहीतर खुल्या विहिरीकडे वळा. आणि आपल्या मुलाने असा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नका. ज्या मुलाने मला विचारले, तो आता मक्तबमधील यंत्रांची देखभाल करतो. त्याच्यासाठी मी दुआ करतो, कारण त्याने उस्तादाची अब्रू चारचौघांत न काढता त्याची आखिरत सावरली.

हे अल्लाह, आमच्या हातून जाणते-अजाणतेपणी बुडालेले बंद्यांचे हक्क मरणापूर्वी फेडण्याची आम्हाला तौफीक दे. आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू हलाल मार्गाने येऊ दे. आमच्या मुलांचा वेळ, त्यांची दृष्टी आणि त्यांची नमाज यांचे रक्षण कर. आमीन.